नवं विमान आणि जुनी यादी

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकाला बढती कुणी देत नाही. साहेबाची मर्जी, मुलाखत, वर्षअखेरचा शेरा, यांतलं काहीही तिथे कामाला येत नाही. चालतो तो एकच आकडा, ज्येष्ठता यादीतला क्रमांक. रुजू झालात की तो मिळतो. एकाच दिवशी आलेल्या तुकडीत आपसातला क्रम वयावर ठरतो, नाहीतर चक्क चिठ्ठ्या टाकून. पुढे वरची माणसं पासष्टाव्या वर्षी निवृत्त होत जातील तसतसं तुम्ही वर सरकायचं. कोणतं विमान, डावी खुर्ची (कॅप्टनची) की उजवी (फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची), कोणत्या शहरातला बेस, नाताळ घरी की परक्या हॉटेलात, सगळं त्या आकड्यावर. कंपनी बदललीत तर वीस वर्षं कॅप्टनकी केलेला माणूसही नव्या यादीच्या तळाशी जातो आणि पहिल्या वर्षाच्या पगारापासून सुरुवात करतो. म्हणून मोठ्या कंपनीतून उठून फारसं कुणी जात नाही. जे मिळवायचं ते याच यादीत राहून.

अशा ठिकाणी नव्या विमानांची ऑर्डर जाहीर झाली की वैमानिकाला चार प्रश्न पडतात. ही विमानं जुन्यांच्या जागी येणार की वाढीव? कोणत्या बेसवर? तासाचा दर काय? आणि पहिल्या फेरीत खुर्च्या किती निघणार? सगळ्यात जास्त वाद दरावर होतो. माझ्या मते चारांत सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न तोच. पण त्याचा इतिहास रंजक आहे, म्हणून आधी तो.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पगाराचा मोठा भाग मैलांवर ठरे. विमानं वेगवान होऊ लागली तशी ही पद्धत कंपन्यांना महाग वाटू लागली, कारण तेवढ्याच वेळात वैमानिक जास्त मैल कापणार आणि जास्त पैसे नेणार. त्यांनी तासाच्या दरावर जायचं ठरवलं. वैमानिकांना नेमकं उलटं संकट दिसत होतं: विमान लवकर पोचलं की तास कमी भरणार. डेव्हिड बेन्की यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये उभी राहिलेली एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे अल्पा, हे भांडण राष्ट्रीय कामगार मंडळापुढे घेऊन गेली. १९३४ मध्ये ‘निर्णय क्रमांक ८३’ आला. त्यात ठरलेला मूळ पगार होता, विमानाच्या वेगाप्रमाणे चढत जाणारा तासाचा दर होता आणि वर मैलांचे पैसेही होते. महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास. १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यात तो निर्णय गोवला गेला आणि नव्या यंत्रामुळे काम जास्त निघालं तर त्या वाढीतला वाटा ते चालवणाऱ्यालाही मिळावा, हे तत्त्व पक्कं झालं. महायुद्धानंतर विमानाचं वजनही सूत्रात आलं. त्यानंतर यंत्र बदललं की भांडण ठरलेलं. १९४६ मध्ये टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या वैमानिकांनी चार इंजिनांच्या विमानांच्या पगारावरून संप केला. डिसेंबर १९५८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक जेटच्या दरावरून संपावर गेले. तो जानेवारीत मिटला आणि २५ जानेवारी १९५९ ला त्यांचं बोइंग ७०७ न्यूयॉर्क–लॉस एंजेलिस मार्गावर उतरलं.

आजचं दरपत्रक त्याच सूत्राचा सोपा केलेला अवतार आहे. आडव्या ओळीत विमानं, उभ्या ओळीत नोकरीची वर्षं, बहुतेक ठिकाणी बारापर्यंत. बाराव्या वर्षानंतर नुसत्या वर्षांनी दर वाढत नाही, विमान किंवा खुर्ची बदलावी लागते. फर्स्ट ऑफिसरचा दर त्याच विमानाच्या कॅप्टनच्या साधारण दोन-तृतीयांश. पत्रकात नसलेलं विमान आलं तर करारात त्यासाठी वेगळं कलम असतं: दोन्ही बाजूंनी बसून दर ठरवायचा, जमलं नाही तर लवादाकडे जायचं, तोवर तात्पुरत्या दराने उडायचं आणि निकाल लागला की मागचा फरक घ्यायचा. तिथल्या विमान कंपन्यांना १९३६ पासून रेल्वे कामगार कायदाच लागू आहे. त्यानुसार करार संपत नाही, ठरलेल्या तारखेनंतर तो फक्त दुरुस्तीला खुला होतो. नवा करार होईपर्यंत जुनाच चालतो, कधीकधी वर्षानुवर्षं. विमान दारात उभं आणि दर जुन्या करारातला, ही स्थिती म्हणून वारंवार येते.

सध्याचं चांगलं उदाहरण म्हणजे एअरबस ए३२१ एक्सएलआर. कमाल उड्डाण-वजन १०१ टन, पल्ला ४,७०० सागरी मैल. टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचा परवाना) ए३२० चंच, म्हणजे त्या ताफ्यातला वैमानिक फरकांचं प्रशिक्षण घेऊन ते उडवू शकतो. पण काम अटलांटिक ओलांडण्याचं. नियमाप्रमाणे दोन वैमानिकांनी हजर होण्याच्या वेळेनुसार ८ किंवा ९ तासांपर्यंतच उडवायचं. त्यापुढे तिसरा वैमानिक लागतो आणि त्याला पाठ टेकायला जागा लागते. मग हे विमान अरुंद बॉडीच्या (आसनांमधून एकच वाट असलेल्या) रकान्यात बसवायचं की रुंद बॉडीच्या (दोन वाटांच्या)? वजनाने ते पहिल्यात, कामाने दुसऱ्यात. दर वजनाला बांधला की असा पेच येणारच.

तो मुळातून सोडवलाय यूपीएस या मालवाहू कंपनीने. तिथे सगळ्या विमानांना एकच दर, फरक फक्त खुर्चीचा आणि वर्षांचा. अमेरिकन एअरलाइन्सने विमानांचे गट पाडले आहेत, एका गटात एकच दर. मला ही गटांची पद्धत शहाणपणाची वाटते. तासामागे चार डॉलर जास्त म्हणून ७३७ सोडून दुसऱ्या अरुंद विमानावर कुणी उडी मारत नाही आणि कंपनीचं एक प्रशिक्षण वाचतं. यादीच्या वरच्या टोकाला हे फारसं पटत नाही. तीस वर्षं ज्या रकान्याकडे डोळे लावून काढली तो रकानाच कुणी पुसला तर राग येणं साहजिक आहे.

आता खुर्च्यांची मोजणी, कारण विमान येणं म्हणजे नेमकं काय ते इथे कळतं. एक अरुंद विमान दिवसाला साडेदहा तास उडतं असं धरा. महिन्याला ३१५ तास. एक वैमानिक महिन्याला ७५ तास देतो, म्हणजे ४.२ जोड्या, साडेआठ माणसं. त्यावर रिझर्व्ह (ऐनवेळच्या गरजेसाठी राखून ठेवलेले वैमानिक), रजा, आजारपण, दर सहामाही-वर्षाचं प्रशिक्षण मिळवलं की अकरा-बारा. लांब पल्ल्याचं विमान दिवसाला १४ तास हवेत असतं, महिन्याला ४२०. तिथे उड्डाणाला चार माणसं लागली तर ५.६ गुणिले चार, म्हणजे बावीस. रिझर्व्ह वगैरे धरून सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणून ‘दहा मोठी विमानं’ असं वाचलं की जाणता वैमानिक मनात अडीचशेहून अधिक खुर्च्या मोजतो आणि त्यातून निवृत्त होणाऱ्या जुन्या ताफ्याच्या खुर्च्या वजा करतो. उरते ती खरी वाढ. पुष्कळदा ती शून्याच्या आसपास असते. ७३७ च्या जुन्या आवृत्तीच्या जागी मॅक्स आलं तर टाइप रेटिंग तेच, खुर्ची तीच. यादी जागची हलत नाही.

खुर्च्या निघाल्या की कंपनी बिड काढते, म्हणजे मोकळ्या जागांसाठी वैमानिकांची पसंती मागवते. जाहिरातीत बेस, विमान, खुर्ची, जागांची संख्या, बिड बंद व्हायची तारीख आणि नव्या पदावर रुजू व्हायची अंदाजे तारीख असते. प्रत्येकाने आपली पसंती क्रमाने भरायची. अटी घालता येतात, आणि अनुभवी माणूस घालतोच. उदाहरणार्थ:

पहिली पसंती: ७८७ फर्स्ट ऑफिसर, माझाच बेस, त्या यादीत मी वरच्या ६० टक्क्यांत येत असेन तरच.
दुसरी: ७३७ कॅप्टन, माझाच बेस, वरच्या ८० टक्क्यांत येत असेन तरच.
तिसरी: आहे तिथेच.

संगणक यादीच्या पहिल्या क्रमांकापासून सुरू करतो आणि प्रत्येकाला त्याची वरची शक्य पसंती देत खाली येतो. क्रमांक ८१२ चा माणूस ७३७ ची डावी खुर्ची सोडून ७८७ च्या डाव्या खुर्चीत गेला की त्याची जागा मोकळी होते. ती क्रमांक ३,४०० ला मिळते, तो ए३२० ची उजवी खुर्ची सोडतो, आणि तिथे कुणी नवा भरती होतो. वर एक खुर्ची निघाली तर खाली तीन-चार माणसांना वर्गात बसावं लागतं. वैमानिकांच्या बाजूने हीच या पद्धतीची गोडी आणि कंपनीच्या बाजूने हाच तिचा खर्च. म्हणून करारात सीट लॉक असतो: नवी खुर्ची घेतलीत की साधारण दोन वर्षं हलायचं नाही. लॉक निकालाच्या दिवसापासून मोजायचा की प्रशिक्षण संपल्यापासून, हे प्रत्येक करारात वेगळं असतं आणि ते न वाचता बिड टाकणारे दर वेळी निघतातच.

निकाल लागला म्हणजे खुर्ची मिळाली असं नव्हे. मध्ये सिम्युलेटर आहे, आणि सगळं अडतं ते तिथेच. एक सिम्युलेटर दिवसाला चार-चार तासांची पाच सत्रं देतो, महिन्याला दीडशे. त्यातली अर्धी जुन्या लोकांच्या नियमित तपासण्यांना जातात असं धरू. उरली पंच्याहत्तर. एका जोडीला दहा-बारा सत्रं लागतात. म्हणजे महिन्याला सात जोड्या, चौदा माणसं. अडीचशे खुर्च्या भरायला किती महिने लागतील ते ज्याने त्याने मांडावं. सिम्युलेटर एक दिवस बिघडला की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. सिम्युलेटरनंतर प्रत्यक्ष विमानावर चेक एअरमनबरोबर, म्हणजे इतरांना तपासणाऱ्या अनुभवी वैमानिकाबरोबर, साधारण २५ तास काढायचे. पुढच्या १२० दिवसांत १०० तास उडून हात बसवायचा, नाहीतर पुन्हा तपासणी.

विमानाचा प्रकारच कंपनीला नवा असेल तर त्यावर तास असलेलं कुणीच नसतं, आणि पेच आणखी वाढतो. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, नियम सांगतो की कॅप्टन किंवा फर्स्ट ऑफिसर, दोघांपैकी एकाकडे तरी त्या प्रकारावरचे ७५ तास हवेत. तिथल्या भाषेत दोन ‘हिरवे’ एकत्र बसवायचे नाहीत. अगदी नव्या प्रकारासाठी यातून सूट मागता येते, पण ती अटींसकट मिळते. म्हणून पहिली तुकडी असते चेक एअरमनची. त्यांना विमान बनवणाऱ्या कंपनीचे प्रशिक्षक शिकवतात आणि ते बाकीच्यांना शिकवतात. फर्स्ट ऑफिसरचे १०० तास भरेपर्यंत वारा आडवा १५ नॉटपेक्षा जास्त असेल, दृश्यमानता पाऊण मैलाच्या आत असेल किंवा धावपट्टी ओली-बर्फाळ असेल, तर उड्डाण आणि उतरणं कॅप्टननेच करायचं. कॅप्टन स्वतः चेक एअरमन असला तर गोष्ट वेगळी. हिवाळ्याच्या तोंडावर नवा ताफा सुरू केला की हा नियम रोजचं वेळापत्रक पिळून काढतो.

या दिरंगाईची किंमत कुणी मोजायची, तेही करारात लिहिलेलं असतं. ठरलेल्या तारखेपर्यंत कंपनीने प्रशिक्षण दिलं नाही तर अनेक ठिकाणी वैमानिकाला जुन्या खुर्चीत बसूनच नव्या खुर्चीचा दर मिळतो. तुमच्यापेक्षा कनिष्ठ माणूस आधी प्रशिक्षणाला गेला तर तुम्हालाही बायपास पे, म्हणजे डावलल्याबद्दल दराचा फरक, मिळतो. हे पैसे आपोआप येतील या भरवशावर राहू नये. तारखा आपण नोंदवायच्या, निकालाची प्रत ठेवायची, आणि पगारपत्रकात फरक दिसला नाही तर मुदतीत दावा टाकायचा. दाव्याची मुदत आखूड असते.

आता दर सगळ्यात कमी महत्त्वाचा, असं का म्हटलं ते. समजा अरुंद विमानाच्या कॅप्टनचा दर तासाला ३२० डॉलर आणि मोठ्या विमानाच्या फर्स्ट ऑफिसरचा २७५. नवा कॅप्टन आपल्या खुर्चीच्या यादीत तळाशी, म्हणून रिझर्व्हवर. त्याला हमीचे ७३ तास, म्हणजे २३,३६० डॉलर. महिन्यातले अठरा दिवस फोनला बांधलेला, सुट्टीचे बारा दिवस, तेही मधल्या वारांचे. दुसरा माणूस मोठ्या विमानावर फर्स्ट ऑफिसरच राहिला, पण त्या यादीत वर. तीन दिवसांच्या, सोळा-सोळा तासांच्या पाच फेऱ्या तो आपल्या आवडीने घेतो: ८० तास, २२,००० डॉलर. हात रिकामा आहे म्हणून दीडपट दराने आणखी दहा तासांची एखादी फेरी उचलली तर ४,१२५ वर. एकूण २६,१२५, आणि तरी सुट्टीचे दिवस पहिल्यापेक्षा जास्तच. दर कमी, पैसे जास्त, झोपही जास्त. शिवाय कंपनी पगाराच्या ठरावीक टक्क्यांनी निवृत्ती खात्यात भर घालते, तीही मिळालेल्या एकूण रकमेवर. यात बेस दुसऱ्या शहरात असणाऱ्याचं गणित धरलेलंच नाही. रिझर्व्हचे दिवस त्याला बेसजवळ भाड्याच्या खोलीत काढावे लागतात, ते भाडं त्याच्याच खिशातून.

आकडे मी समजा म्हणून धरलेत, पण गोष्ट नुसती कागदावरची नाही. युनायटेड एअरलाइन्समध्ये कॅप्टनपदाच्या जवळपास निम्म्या जागांना कुणी बिडच टाकली नाही, अशा बातम्या २०२३ च्या उन्हाळ्यात आल्या होत्या. जागा कॅप्टनच्या, दर घसघशीत, आणि घेणारे नाहीत. कारण तेच: तळाचा रिझर्व्ह, सुट्टीच्या दिवशी लादली जाणारी उड्डाणं. त्याच वर्षी डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढीचा करार मंजूर केला आणि मग अमेरिकन आणि युनायटेडचेही झाले. वाढीचे आकडे मथळ्यात आले, पण घासाघीस झाली होती रिझर्व्हच्या आणि वेळापत्रकाच्या कलमांवरही.

विमान जातं तेव्हा हीच साखळी उलटी फिरते. २०२० मध्ये डेल्टाने जूनमध्ये एमडी-८८ आणि ऑक्टोबरअखेर बोइंग ७७७ हे दोन्ही ताफे बंद केले. अमेरिकनने ७५७, ७६७, ए३३० आणि ई१९० काढून टाकले. ७७७ चा कॅप्टन बेकार होत नाही, त्याचा क्रमांक यादीत वरचा असतो. तो डिस्प्लेसमेंट बिडमध्ये, म्हणजे खुर्ची गेलेल्यांच्या बिडमध्ये, दुसऱ्या ताफ्यात उतरतो, तिथल्या कनिष्ठाला ढकलतो, तो आणखी खालच्याला. प्रत्येक ढकल म्हणजे एक प्रशिक्षण, आणि तेही उड्डाणं जवळपास थांबलेली असताना. शेवटी रस्त्यावर येतो तो तळाचा, ज्याचा ७७७ शी कधी संबंधच आला नव्हता. त्याला फरलो मिळतो; क्रमांक शाबूत, पगार बंद. युनायटेड आणि अमेरिकनच्या हजारो कर्मचाऱ्यांवर १ ऑक्टोबर २०२० ला ती वेळ आली.

आणि विमान येणार येणार म्हणून आलंच नाही तर? ७३७ मॅक्स १० ची घोषणा २०१७ ची. युनायटेडने २०२४ च्या जानेवारीत ते आपल्या नियोजनातून बाजूला ठेवलं आणि त्याच वसंतात, बोइंगची विमानं वेळेवर येत नाहीत म्हणून, वैमानिकांना स्वेच्छेने बिनपगारी रजा घ्यायला सांगितलं. नवी भरतीही थांबवली. बिडवर याचा परिणाम असा होतो: निकाल रद्द होत नाही, पण प्रशिक्षणाची तारीख पुढे पुढे जाते. तेवढ्या काळात वैमानिक ना धड जुन्या खुर्चीवरून दुसरी बिड टाकू शकतो, ना नव्या खुर्चीत बसतो. तारीख पुढे गेली तरी फरक मिळतो का, किती महिन्यांनी निकाल परत करता येतो, आणि केला तर लॉक सुटतो का, ही तीन कलमं ऑर्डरची बातमी वाचण्याआधी वाचावीत.

स्टँडिंग बिडचं तेवढं जास्त सांभाळायला हवं. काही कंपन्यांत पसंती एकदा भरून ठेवली की ती दर बिडला आपोआप लागू होते. तीन वर्षांपूर्वी, बाळ नसताना, घर दुसऱ्या शहरात असताना भरलेली पसंती तशीच पडून राहते. नवा ताफा येतो, एकदम शंभर खुर्च्या निघतात, यादी एरवी पोचत नाही इतकी खाली येते, आणि ज्याने फॉर्म उघडूनही पाहिला नाही त्याच्या नावावर हजार मैल दूरच्या बेसची खुर्ची लागते, दोन वर्षांच्या लॉकसकट. निकाल लागल्यावर युनियनच्या कार्यालयात पहिला फोन येतो तो बहुधा याच माणसाचा. त्याला सांगण्यासारखं फारसं नसतं. बिड बंद झालेली असते, आणि त्याच्या खालच्या क्रमांकाने त्याची जुनी खुर्ची घेतलेलीही असते.